थेंबे आणि पिवळा बेडूक

"ऑइल घाईत काढता येतं, फक्त मग ते बदललं असं म्हणू नये."

थेंबे हे वाक्य एकदाच बोलला, आणि बोलला तेही नको त्या वेळी. गॅरेज गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. धाकट्या भावाने हौसेने रंगवून आणलेली पाटी नुकतीच दारावर चढली होती. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'चहा संपायच्या आत ऑइल बदलून मिळेल.' थेंबेने मान वर करून ती शांतपणे वाचली, हात पुसले आणि ते वाक्य उच्चारलं. गिऱ्हाइकं खो खो हसली. एकाने विचारलं, "आणि चहा कुठाय?" तेव्हा तर आणखीच. धाकटा हसला नाही. त्याचे कान पाटीच्या रंगाचे झाले.

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. भांडण झालं असतं तर एखाद्या दिवशी मिटलंही असतं. हे भांडण नव्हतं. ही नुसती शांतता होती, आणि शांततेला पकडायला कुठेच जागा नसते.

थेंबे हे त्याचं खरं नाव नव्हे, आडनावही नव्हे. इंजिनाच्या खालचा बोल्ट सोडला की आधी ऑइलची जाड दोरी पडते, मग बारीक सूत, मग थेंब. बाकीचे मेकॅनिक थेंब सुरू झाले की बोल्ट लावून मोकळे होतात. हा थेंबांपाशी बसून राहायचा. दोन थेंबांमधलं अंतर वाढत वाढत जायचं. आता संपलं म्हणावं तर आणखी एक यायचा. "बघ," तो म्हणायचा, "होता की नाही?" याच जागेत पंप दुरुस्त करणाऱ्या बापाच्या हाताखाली तो वाढला, तिथेच ही सवय लागली असावी. बाप तापट होता. पोराने नळाखाली बादली लावून टपटप ऐकत बसावं आणि बापाने कपाळाला हात लावावा, असं त्यांचं चालायचं.

त्याचं लग्न झालं नाही. एका शाळेत शिकवणारी बाई मनात होती, तिच्याही मनात हा होता. दोघं रोज संध्याकाळी एका बाकावर बसायची. एक दिवस तिने विचारलं, "मग काय ठरवलंत?" हा म्हणाला, "थोडं थांबू या." तो थांबला. ती थांबली नाही.

ही हकिकत त्याने फक्त वहिनीला सांगितली होती. वहिनी म्हणजे धाकट्याची बायको. नात्याने ती थेंबेची धाकटी भावजय, पण सगळी गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची. ते ऐकून ऐकून थेंबेही तिला वहिनीच म्हणायला लागला, आणि ती त्याला दादा. काचेच्या केबिनमध्ये बसून ती फोन घ्यायची, सुटे भाग मागवायची, आणि अलीकडे हे आणखी एक काम तिच्या गळ्यात पडलं होतं: निरोप पोचवायचं.

म्हणजे काय, तर थेंबे केबिनच्या दारात उभा राहून भिंतीवरच्या घड्याळाला सांगायचा, "दहाचा पाना ज्याने नेला, त्याने परत आणला तर बरं होईल." वहिनी उठून गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला जायची. तिथे धाकटा रेडिओला सांगायचा, "ज्याला पाना हवाय त्याच्याच खिशात तो आहे." वहिनी परत यायची. पाना खरोखरच थेंबेच्या खिशात असायचा. जेवताना तर कहर. मिठाची बरणी दोघांच्या मधोमध, दोघांच्याही हाताशी. तरी एकाने म्हणायचं, "आज मीठ कमी आहे," दुसऱ्याने म्हणायचं, "मीठ समोर आहे," आणि दोघांनी वहिनीकडे बघायचं.

"मी काय टपाल खातं आहे?" ती एकदा कडाडली. "तुमचं दोघांचं बोलणं तोंडात धरून धरून माझ्या जिभेला ग्रीसची चव यायला लागलीय!"

दोघंही खाली मान घालून जेवत राहिले. एवढ्या बाबतीत मात्र त्यांचं एकमत होतं.

पुढे धाकट्याने भिंतीची गोष्ट काढली. एका रात्री हात धुताना तो बायकोला म्हणाला, पण आवाज असा की शेजारच्या खोलीत जावा: "मधोमध भिंतच घालू या. तिकडचं त्याचं, इकडचं माझं. त्याने दिवसभर थेंब मोजावेत." शेजारच्या खोलीतून थोड्या वेळाने थेंबेचा आवाज आला. तो खिडकीशी बोलत होता: "घालू दे. मी पलीकडेच एक खाट आणि शेगडी टाकीन."

गवंडी ठरला. भिंतीची रेषा आखायला अमुक दिवशी दुपारी येतो म्हणाला.

खाट आणि शेगडी हे शब्द वहिनीच्या डोक्यातून जाईनात. नवरा तिचा वाईट नव्हता. प्रेमळ होता, चुणचुणीत होता, पण त्याला सगळंच चटकन हवं असायचं, वाक्यंसुद्धा. ती म्हणायची, "आज मला वाटलं की—" आणि तो म्हणायचा, "की आईकडे जाऊन यावं. जा की!" तिला ते वाटलेलंच नसायचं. थेंबे मात्र ऐकायचा. तिचं बोलणं थांबलं तरी लगेच तोंड उघडायचा नाही. आणखी एखादा थेंब आहे का, हे बघत राहायचा. आणि बहुतेक वेळा असायचा. त्या घरात वाक्याच्या शेवटापर्यंत पोचायचं असेल तर तिला एकच माणूस होता. भिंत झाली की तो माणूस पलीकडे शेगडीशी बोलत बसणार.

गवंडी यायचा त्याच दिवशी सकाळी पिवळा बेडूक आला.

बेडूक हे वहिनीने ठेवलेलं नाव. बुटकी, रुंद, डोळे वर काढून बसलेली ती जुनी स्पोर्ट्स कार दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. वर्षातून एकदा ऑइलसाठी ती थेंबेकडे यायची. इतर गाड्या धाकट्याच्या, बेडूक थेंबेचा, असा अलिखित करार होता. बाई सकाळी गाडी ठेवून जायच्या आणि दवाखाना आटोपून शेवटची पातळी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला परत यायच्या.

या गाडीचं इंजिन निराळं होतं. थेंबेने एकदा वहिनीला ते समजावलं होतं. "साध्या गाडीचं ऑइल घरकोंबडं असतं. इंजिनाच्या पोटाखाली एक तवली असते, तिच्यात लोळत पडतं. ही गाडी वळणं घेते जोरात. ऑइल तवलीत असतं तर सगळं एका अंगाला गेलं असतं आणि पंप नुसती हवा प्यायला असता. म्हणून हिचं पोट कोरडं ठेवलंय. याला ड्राय संप म्हणतात. ऑइल राहतं बाजूच्या टाकीत. एक पंप ते टाकीतून इंजिनात ढकलतो, दुसरा पोटात उतरलेलं ओढून परत टाकीत टाकतो."

"सतत?"

"इंजिन चालू आहे तोवर. बंद केलं की टाकीतलं हळूहळू खाली झिरपतं. म्हणून थंड गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघायची नाही. ती कोरडीच दिसणार. ऑइल असून नाही म्हणणार. आधी इंजिन पुरतं तापू द्यायचं, ते चालू ठेवायचं, गाडी सपाट जागी हवी, आणि मगच स्टिक काढून बघायची. तेव्हा ती खरं बोलते."

"माणसासारखंच की," वहिनी म्हणाली होती.

थेंबेने थोडा वेळ वाट बघितली होती, तिला आणखी काही म्हणायचंय का म्हणून. नव्हतं.

त्या दिवशी थेंबेने सगळं रीतसर केलं. गरम गाडीचं ऑइल काढलं. पोटाचा बोल्ट वेगळा, टाकीचा वेगळा. दोन्हींखाली तो आळीपाळीने बसला. नवे वॉशर घातले, फिल्टर बदलला. मग टाकीत नवं ऑइल ओतलं, पण सगळं नाही. पहिला मोठा हप्ता. उरलेलं इंजिन तापल्यावर स्टिक बघत बघत घालायचं असतं. नरसाळं तसंच टाकीच्या तोंडात ठेवून, वर फडकं टाकून तो मागच्या अंगणात गेला. जुन्या ऑइलचे डबे धुऊन ठेवायला म्हणा, किंवा गवंड्याचं तोंड दिसू नये म्हणून म्हणा.

आणि इथे धाकट्याला पाझर फुटला.

त्याचं काय झालं, ते त्याने पुढे कधी नीट सांगितलं नाही. भिंत आज आखली जाणार, हे त्यालाही सकाळपासून टोचत असावं. बोलून माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं. पण हाताने काहीतरी करून टाकणं होतं. तो बेडकापाशी आला. नरसाळं तोंडात, फडकं वर. त्याने स्टिक काढून बघितली. या गाडीची स्टिक आखूड, टाकीच्या गळ्याशीच पोचणारी. अर्थातच ती कोरडी ठणठणीत निघाली. गाडी एव्हाना थंड झालीय, हे तो विसरला नव्हता. पण इतकी कोरडी म्हणजे दादाने अजून ओतलंच नाही, असं त्याने ठरवून टाकलं. दादा तो, थेंब बघत बसला असेल. चला, निदान एवढं काम त्याचं हलकं करू. फळीवरचे कॅन काढून त्याने भराभरा पहिला हप्ता ओतला. वर फडकं होतं तसं टाकलं आणि शीळ घालत आपल्या गाडीखाली गेला.

विचारायला दोन शब्द पुरले असते. तेवढेच त्या गॅरेजात शिल्लक नव्हते.

दुपार कलताना डॉक्टरीणबाई आल्या. "झाला का आमचा पेशंट?" म्हणत त्यांनी पर्स खुर्चीवर टाकली. थेंबे मागून आला आणि त्याने वहिनीला खूण केली. पातळी बघताना एकाने सीटवर बसून तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं, दुसऱ्याने मागे टाकीपाशी उभं राहायचं. पूर्वी सीटवर धाकटा असायचा. आता वहिनी.

वहिनी किल्ली घेऊन उठली आणि जाता जाता दारामागच्या कोपऱ्यात तिचं लक्ष गेलं. तिथे रिकामे कॅन होते. काही कॅन नेहमीसारखे बरणीवर उपडे ठेवलेले, तळाचं ऑइल निथळावं म्हणून. असा वेडेपणा जगात एकच माणूस करतो. त्या बरणीतलं ऑइल तो दारांच्या बिजागऱ्यांना घालायचा. पण त्यांच्या शेजारी त्याच ऑइलचे आणखी काही कॅन होते. आडवे फेकलेले, झाकणं गायब, एक तर लाथ बसल्यासारखा चेपलेला. असा वेडेपणाही जगात एकच माणूस करतो, आणि त्याच्याशी तिचं लग्न झालं होतं.

तिला सगळं लख्ख कळलं. एकाच टाकीत दोघांनी ओतलंय. आता इंजिन सुरू केलं तर जास्तीचं ऑइल हवेच्या नळीत चढणार, गॅरेजभर निळा धूर होणार, आणि त्या म्हाताऱ्या इंजिनाला काय होईल ते देव जाणे.

तिचं पाऊल सवयीने थेंबेकडे वळलं. निरोप जिभेवर आला होता. आणि तिथेच ती अडली. शांतपणे येऊन ती गाडीसमोर उभी राहिली आणि किल्ली तिने मुठीत घट्ट धरली.

"गाडी सुरू करायची नाही," ती मोठ्याने म्हणाली.

धाकटा गाडीखालून डोकं काढून बघू लागला. "का?"

"ते मी सांगणार नाही. तुम्हालाही नाही आणि दादांनाही नाही. मला माहीत आहे, पण टपाल खातं आजपासून बंद. काय झालंय ते एकमेकांना विचारा."

"अगं, पण—"

"आणि माझं वाक्य पुरं करायचं नाही!"

डॉक्टरीणबाई खुर्चीवर नीट सरसावून बसल्या. थेंबेने घड्याळाकडे बघितलं. "काहीतरी राहिलं असेल तर," तो घड्याळाला म्हणाला, "ज्याला माहीत आहे त्याने—"

"घड्याळाला माहीत नाही," वहिनी म्हणाली.

धाकट्याने रेडिओकडे तोंड वळवलं. वहिनीने पुढे होऊन रेडिओची वायर काढली.

"मी रोज लोकांना तोंड उघडायला लावते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तुम्हा दोघांना बहुतेक भूल द्यावी लागेल."

शेवटी धाकटाच उठला. कपडे झाडत, कोणाकडेही न बघता तो बेडकाजवळ आला. टाकीवरचं फडकं त्याने उचललं, परत ठेवलं.

"दादा," तो म्हणाला. शब्द बरेच दिवस न वापरलेल्या दारासारखा करकरला. "तू... ऑइल ओतलं होतंस का?"

थेंबेने त्याच्याकडे बघितलं. "पहिला हप्ता ओतला होता."

"मग आता दोन हप्ते झालेत. दुसरा मी ओतला."

थेंबेने फडकं उचलून टाकीत डोकावून बघितलं. वहिनीने किल्लीवरची मूठ आणखी आवळली. आता हा ओरडणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या दिवसासारखं एखादं वाक्य बोलणार.

"नरसाळं पुसलं होतंस?" थेंबेने विचारलं.

"पुसलं होतं."

"कशाने?"

"स्वच्छ फडक्याने. कपाटातल्या."

थेंबेने मान हलवली. "मग ठीक आहे. दोन्ही बोल्ट सोड. सगळं काढू."

"सगळं? जास्तीचं तेवढं काढलं तर—"

"सगळं."

आणि मग वहिनीने गॅरेजात कधी न बघितलेली गोष्ट बघितली. दोघं भाऊ गाडीखाली, एक पोटाच्या बोल्टापाशी, एक टाकीच्या. मधासारखं कोरं ऑइल दोन दोऱ्या होऊन पडू लागलं. दोऱ्यांची सुतं झाली, सुतांचे थेंब. धाकट्याचा हात सवयीने बोल्टाकडे गेला आणि परत आला. तो बसून राहिला. बराच वेळ काहीच पडलं नाही.

"संपलं," धाकटा म्हणाला.

एक थेंब पडला.

"च्यायला," धाकटा म्हणाला, आणि थेंबे गाडीखाली असा काही हसला की डॉक्टरीणबाई वाकून बघू लागल्या.

त्याच वेळी गवंडी आला. भला माणूस, तोंडात सतत काहीतरी गुणगुणणारा. त्याने या भिंतीत एक खिळा ठोकला, समोरच्या भिंतीत दुसरा, आणि दोन्हींमध्ये सूत ताणून बांधलं. सूत नेमकं बेडकाच्या टपावरून गेलं. "गाडी तेवढी पुढे घ्या," तो म्हणाला, "म्हणजे खाली चुन्याची फक्की मारतो."

"गाडी इथेच राहणार," गाडीखालून थेंबेचा आवाज आला.

"का बरं?"

थेंबेचे डोळे थेंबांवरच होते. धाकटा मात्र हळूहळू उठून बसला. त्याने फरशीकडे बघितलं, वरच्या सुताकडे बघितलं, पुन्हा फरशीकडे. त्याचा चेहरा पडला.

"तुमची पाणसळ द्या जरा," तो गवंड्याला म्हणाला. पाणसळ त्याने बेडकाच्या चाकाशी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. हातभर डावीकडे ठेवली, बुडबुडा पळाला. उजवीकडे ठेवली, उलट्या बाजूला पळाला. बापाने पाणी वाहून जावं म्हणून सगळी फरशी दोन्ही अंगांना उतरती केली होती. सपाट अशी एवढीच चिंचोळी जागा, मधल्या उंचवट्यावर.

"वा!" गवंडी खूश झाला. "म्हणजे भिंतीला हीच जागा बेस!"

"ही जागा गेली तर दादाला स्टिक कुठे बघता येणार?" धाकटा म्हणाला. "उतारावर ती चुकीचंच सांगणार." मग गाडीखाली वाकून म्हणाला, "तुला आधीपासून माहीत होतं. मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं कुठे?" थेंबे म्हणाला.

पुढचं काम कोणाला न विचारता चालू झालं. बोल्ट लागले. ऑइलचा पहिला हप्ता एकाच हाताने ओतला गेला. दुसऱ्याने नरसाळं धरलं. मग वहिनीने मूठ उघडून किल्ली पुढे केली, पण सीटवर काही बसली नाही. धाकटा बसला. बेडूक एकदा खोकला आणि घुमू लागला. धूर नव्हता. धाकट्याने काट्यावर डोळे लावले. काटा जागचा हलत नव्हता.

"झालं का?" थोड्याच वेळात तो ओरडला.

"नाही," मागून उत्तर आलं.

"आता?"

"थांब."

गवंडी सुताच्या टोकाशी उभा राहून बघत होता. डॉक्टरीणबाई बघत होत्या. वहिनी मात्र वर बघत होती. ऑइल तापेल, स्टिक भरेल, तिला त्याची चिंता नव्हती. ते वरचं सूत अजून ताणलेलंच होतं.

काटा चढला. थेंबेने स्टिक काढली, पुसली, घातली, काढली. थोडं ओतलं. पुन्हा बघितली. आणखी थोडं. मग तो स्टिक हातात आडवी धरून पुढे चालत आला आणि खिडकीतून ती धाकट्याच्या नाकासमोर धरली. वरच्या खुणेच्या जरासं खाली, ओली, सोनेरी रेघ.

"बरोबर आहे?" धाकट्याने विचारलं. थेंबे नुसताच धरून उभा राहिला. धाकट्याने परत निरखलं, या वेळी सावकाश. "बरोबर आहे," तो स्वतःच म्हणाला.

बाईंनी पण बघितलं आणि मान डोलावली.

गवंड्याला घरी जायचं होतं. "मग साहेब, कसं करू?" तो धाकट्याला म्हणाला. "सूत ठेवू की गुंडाळू? तुमचं एकदा ठरू द्या."

धाकट्याने तोंड उघडलं. नेहमीचा धाकटा असता तर काहीतरी फाडकन बोलून मोकळा झाला असता. त्याने तोंड मिटलं आणि मागे वळून थेंबेकडे बघितलं. "मला नका विचारू," तो म्हणाला. "दादाला विचारा. तो सांगेपर्यंत थांबा."

सगळे थांबले. इंजिन संथपणे घुमत होतं.

थेंबेने स्टिक टाकीत घातली, झाकण फिरवून बसवलं आणि दोनदा चाचपलं. मग तो एका भिंतीपाशी गेला, खिळ्यावरची गाठ सोडली आणि सूत मनगटावर गुंडाळत गुंडाळत, बेडकाच्या टपावरून ते अलगद उचलत, समोरच्या भिंतीपर्यंत गेला. तिथली गाठही त्याने सोडली. गुंडाळी मनगटातून काढून, टोक आत खोचून, ती त्याने गवंड्याच्या तळहातावर ठेवली. मग फडक्याने एकेक बोट पुसत तो दाराकडे वळला आणि "चहा सांगून येतो," असं थेट धाकट्याला म्हणत बाहेर गेला.